बाबांना बाहेर दिसलेला चेंडू

ताई जिंकली. महिला एकेरी, मुख्य फेरी, पहिला सामना, तीन सेट, समोर सहावं मानांकन मिळालेली मुलगी. जिंकली.

आता हे मी तुम्हाला सांगितलंच नाही असं समजा. आमच्या घरात चेंडूचा टप्पा पडायच्या आधी तोंड उघडायची पद्धत नाही. मी पहिल्याच ओळीत ती मोडली हे बाबांना कळलं तर ते मला काही बोलणार नाहीत, फक्त उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला काढतील. त्याचा अर्थ 'बाहेर'. चेंडू बाहेर, नाहीतर मी.

तर ताई अजून जिंकलेली नाही. तिने अजून बूटसुद्धा घातलेले नाहीत.

बाबा टेनिसचे रेषापंच होते. मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे वाकून, एका पांढऱ्या पट्ट्यावर डोळे रोखून उभा असलेला माणूस तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. पाहिला नसेल तर तेही बरोबरच, कारण तो दिसू नये अशीच अपेक्षा असते. चेंडू पट्ट्याबाहेर पडला की 'आऊट' ओरडायचं आणि हात बाजूला काढायचा. आत पडला तर दोन्ही पंजे पालथे करून समोर धरायचे, आवाज नाही. टाळी वाजवायची नाही. हसायचं नाही. कोण जिंकतंय हे आपल्याला कळलं तरी आपल्या चेहऱ्याला कळू द्यायचं नाही. बाबांनी हे काम इतकी वर्षं केलं की एक दिवस ते काम त्यांच्याबरोबर घरी आलं आणि परत गेलंच नाही.

दूध तापत ठेवलं की बाबा ओट्यापाशी वाकून उभे राहायचे. दूध भांड्याच्या कडेवरून बाहेर आलं की म्हणायचे, "आऊट!" गॅस बंद करायचे नाहीत. पंचाने खेळात हात घालायचा नसतो.

"अहो, बटण फिरवायला काय झालं होतं?" आई विचारायची.

"सांगितलं ना तुला, बाहेर आलं म्हणून."

"आल्यावर सांगितलंत!"

"यायच्या आधी कसं सांगणार?"

आई औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावून लावून ती घरी येते. तिचं म्हणणं असं, की जगात सगळ्यावर काही ना काही गोळी निघाली आहे, निःपक्षपातीपणावर तेवढी निघाली नाही. "लग्न झाल्यापासून मी या माणसाशी भांडतेय," ती शेजारणींना सांगते, "आणि हा माणूस कुणाच्याच बाजूने नाही. स्वतःच्यासुद्धा!"

आम्हा भावंडांचंही तेच. ताईने मला बदडलं की मी रडत बाबांकडे जायचो.

"बाबा, ताईने मारलं."

"हो, बघितलं मी."

"मग?"

"मग काय? लागलं ना? म्हणजे आत होता."

तेव्हापासून मी घरात कोणाकडे तक्रार करत नाही. दुखलं की आईकडे जातो, ती गोळी देते.

हे सगळं गंमत म्हणून चाललं असतं. पण ताई टेनिस खेळायला लागली, आणि बरी खेळायला लागली. ती शाळेत असताना क्लबच्या मुलींच्या अंतिम सामन्याला मागच्या रेषेचा पंच आजारी पडला. खरं म्हणजे लेकीच्या सामन्यात बापाने रेषेवर उभं राहायचं नसतं. पण समोरच्या मुलीची आईच म्हणाली, "ते चालतील की! आपल्याला मुलगी आहे हे त्यांच्या लक्षात तरी असतं का?" बाबांना ही स्तुती वाटली. ते उभे राहिले.

शेवटी सगळं एका चेंडूवर आलं. ताईने तो असा मारला की समोरची मुलगी जागची हललीसुद्धा नाही. सगळ्या क्लबला तो आत दिसला. समोरच्या मुलीलाही दिसला, ती हात मिळवायला जाळीकडे निघालीही. आणि मागून आवाज आला, "आऊट!"

पुढचे पॉइंट ताई डोळे पुसत खेळली, म्हणजे हरली. ते मातीचं मैदान होतं, मातीवर चेंडूचा डाग उमटतो. बक्षीस समारंभ झाल्यावर बाबा तिला हाताला धरून तो डाग दाखवायला घेऊन गेले. पट्ट्याच्या बाहेर, करंगळीभर अंतरावर. बाबांच्या मते हे सांत्वन होतं.

ताईने डागाच्या कडेने बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला दिसतंय हो बाबा. पण तुम्हाला एकदा, फक्त एकदा, नसतं दिसलं तर?"

"नसतं कसं दिसेल?" बाबांना प्रश्नच कळला नाही. "मी तिथेच तर उभा होतो."

पुढे मोठ्या स्पर्धांमध्ये यंत्रं आली. मैदानाभोवती कॅमेरे बसले, चेंडू कुठे पडला ते कॅमेरेच ठरवायला लागले आणि 'आऊट' ओरडायला एका बाईचा आवाज भरून ठेवला गेला. रेषापंचांना निरोप दिला. आयोजकांनी बाबांना आरामखुर्ची भेट दिली. बाबा तिच्यावर गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे वाकून बसतात. पाठ टेकवलेली कोणी पाहिलेली नाही.

त्या बाईवर त्यांचा राग नाही. "आवाज चांगला आहे," ते म्हणतात. "उन्हात उभी राहिलेली नाही, एवढं कळतं."

मग बाबा प्रेक्षक झाले. माणसाला कामावरून काढता येतं, त्याच्या हाताला कसं काढणार? ताईच्या एका सामन्यात ते मागच्या रांगेत बसले होते. ताईने चेंडू मारला, बाबांचा हात बाजूला गेला आणि तोंडातून निघालं, "आऊट!" दोन्ही मुली थांबल्या. सगळं मैदान वळून बघायला लागलं. चेंडू बाहेरच होता. ताईचा होता. बाबा बरोबर होते, आणि तोच तर त्रास होता. पुढच्या सामन्यातही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. दरवेळी ताईचाच चेंडू, दरवेळी खरोखर बाहेर.

"बाबा, यापुढे तुम्ही माझ्या मॅचला यायचं नाही," ताईने शेवटी सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले. निर्णयावर वाद घालायचा नसतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

तेव्हापासून ताईबरोबर मी जातो. माझ्या गळ्यात 'प्रशिक्षक' असं लिहिलेलं कार्ड असतं, कारण स्पर्धेवाले खेळाडूबरोबर एक प्रशिक्षक आत सोडतात आणि ते कार्ड कोणाच्या तरी गळ्यात असावं लागतं. मला टेनिस येत नाही. ताईच्या मते तीच माझी जमेची बाजू. चुकीचा सल्ला द्यायचा तरी थोडं यावं लागतं, म्हणते. मी रॅकेटी उचलतो, बाटल्या भरतो आणि प्रत्येक गेमनंतर बाबांना स्कोअर कळवतो. बाबांचं उत्तर दरवेळी एकच येतं: 'नोंद घेतली.'

असं बरंच चाललं. ताई पात्रता फेरीत खेळायची, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या दारात रांग लावायची, आणि दार येईपर्यंत हरायची. यंदा तिने जाहीर केलं, "मुख्य फेरीत एक मॅच जिंकले तर पुढे खेळेन. नाहीतर क्लबमध्ये पोरांना शिकवेन." क्लबवाल्यांना ताईच्या खेळाची इतकी खात्री होती की त्यांनी तिला आधीच शिट्टी देऊन ठेवली. ती शिट्टी तिच्या बॅगेत होती. चालताना आत काहीतरी खुळखुळायचं आणि आम्ही दोघं ऐकू न आल्यासारखं करायचो.

या स्पर्धेत ती पात्रता फेरी पार करून आत आली. आली ती आली, आणि पहिल्याच सामन्यात समोर सहावं मानांकन. त्या मुलीला आम्ही 'टाकी' म्हणायचो, कारण ती पाण्याच्या टाकीइतकी उंच होती आणि तिची सर्व्हिस वरून कोसळायची.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी कपडे आणायला घरी गेलो होतो. ताईचा खेळाडूंच्या हॉटेलातून फोन आला.

"ठोंब्या, उद्या बाबांना घेऊन ये."

"कुठे?"

"लग्नाला! मॅचला रे, अजून कुठे?"

"ताई, काय होईल माहितीये ना?"

"ही शेवटची असली आणि त्यांनी बघितलीच नाही, असं नकोय मला," ती म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात, "पण तोंड बंद ठेवून आण. हातही."

"मग नुसतं धडच आणतो की."

"आईला फोन दे, गाढवा."

आईने हे काम औषधाच्या हिशेबाने घेतलं. तोंडासाठी दुकानातून दातांना चिकटणाऱ्या टॉफ्या. एका गेमला एक, चावायची नाही, चघळायची. हातांसाठी मांडीवर जड पिशवी. पिशवीत थर्मास, सगळ्यांचे स्वेटर आणि तरीही वजन कमी वाटलं म्हणून घरातली इस्त्री.

दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवी उघडली. "हे काय?"

"इस्त्री," आई म्हणाली.

"मॅचला?"

"नवऱ्याच्या मांडीवर ठेवायला."

पहारेकऱ्याने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. त्याला स्वतःचं घर आठवलं असावं. त्याने मुकाट्याने पिशवीची चेन लावून दिली.

आमच्या जागा कोपऱ्यात, अगदी पुढच्या रांगेत होत्या. समोरच मागची रेषा. इतकी जवळ की बाबांचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले. उंच खुर्चीवर ज्या पंचबाई बसल्या होत्या, त्या कधीकाळी बाबांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांची नजर आमच्याकडे गेली आणि त्या खुर्चीत एकदम ताठ झाल्या.

पहिला सेट सुरू झाला. बाबांच्या तोंडात टॉफी, मांडीवर इस्त्री. आवाज नाही, हालचाल नाही. आई खूश. ती चेंडूकडे कधीच बघत नाही, चेंडू इकडून तिकडे गेला की तिची मान दुखते. ती दोन खुर्च्या सोडून बसलेल्या टाकीच्या आईकडे बघत होती. "तिच्या आईचं बीपी वाढलंय," तिने मला सांगितलं. मला तसं काही दिसत नव्हतं. बीपी वाढायचं काही कारणही नव्हतं, कारण टाकी ताईला धुवत होती. सहा-दोन.

सेट संपल्यावर ताई आमच्या कोपऱ्यात आली. हल्ली खेळाडूला प्रशिक्षकाशी बोलायची परवानगी आहे. मी प्रशिक्षकासारखा चेहरा केला.

"ताई, जरा जास्त चांगलं खेळ," मी म्हणालो.

"बाबा झोपलेत का?" तिने विचारलं.

मी वळून पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. घट्ट. कपाळाला आठ्या.

"बाबा!"

"झोपलो नाहीये," बाबा टॉफीतून म्हणाले. "उघडले की हात जातो. म्हणून मिटलेत."

"कधीपासून?"

"पहिल्या सर्व्हिसपासून."

"म्हणजे तुम्ही काहीच बघितलं नाहीत?"

"ऐकलं. तुझा बॅकहँड उशिरा येतोय."

ताईने कपाळावर हात मारला. मग वाकून म्हणाली, "डोळे उघडा. हात गेला तर जाऊ दे. पण बघा हो बाबा. बघण्यासाठी बोलावलंय ना तुम्हाला?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी लेकीला खेळताना पाहून बराच काळ लोटला होता. पहिले दोन-तीन पॉइंट ते रेषेकडे नाही, ताईकडेच बघत होते. "खांदे माझ्यासारखे आहेत हिचे," ते हळूच म्हणाले.

"आहेत हो," आई म्हणाली. "टॉफी घ्या."

दुसऱ्या सेटमध्ये ताईचा बॅकहँड वेळेवर यायला लागला. इस्त्रीखाली बाबांचा हात अडकून होता, पण अंगठा मोकळा होता. चेंडू बाहेर गेला की अंगठा बाजूला जायचा. मागच्या रांगेतला एक गृहस्थ मैदान सोडून त्या अंगठ्याकडेच बघायला लागला. "अगं, यंत्राच्या आधी कळतंय," त्याने बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "मग मॅचला कशाला आणलंत मला? घरी तुमचा अंगठा बघितला असता." ताईचा चेंडू असो की टाकीचा, अंगठा सारखाच जायचा. मी मुद्दाम लक्ष ठेवलं. एकदाही तो ताईच्या बाजूने जराही रेंगाळला नाही.

दुसरा सेट ताईने घेतला. तिसऱ्यात दोघी आपापली सर्व्हिस राखत चार-चारपर्यंत आल्या, आणि मग ताईने टाकीची सर्व्हिस फोडली. पाच-चार. आता सर्व्हिस ताईची. एवढा एक गेम घेतला की संपलं. माझे हात बाटलीभोवती इतके आवळले गेले होते की टोपण उडून टाकीच्या आईच्या पर्समध्ये पडलं. तिला कळलंही नाही. आई म्हणाली, "बघ, बीपी."

आणि आला. मॅच पॉइंट. एकच हवा होता.

ताईने सर्व्हिस केली. टाकीने परत मारला. दहा-बारा फटके झाले असतील, मोजायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. मग टाकीने एक लांब, खोल चेंडू मारला, थेट आमच्या कोपऱ्यात. ताई तिथे पोचली होती. तिने रॅकेट मागे घेतली.

बाबा उठले. उठले म्हणजे एकदम, स्प्रिंग सुटल्यासारखे. पिशवी उडाली, इस्त्री माझ्या पायावर पडली, उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला गेला आणि टॉफीसकट सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज आला.

"आऊट!"

ताईने चेंडू सोडून दिला. रॅकेट टाकली आणि दोन्ही हात वर केले. जिंकली! तिने ना रेषा पाहिली ना पंचांकडे पाहिलं. तो आवाज तिने जन्मापासून ऐकला होता. तो चुकतो हे तिने आजवर पाहिलं नव्हतं, कोणीच पाहिलं नव्हतं.

यंत्रातली बाई गप्प होती.

ती फक्त चेंडू बाहेर पडला की बोलते. सगळे तिच्या बोलण्याची वाट बघत राहिले. टाकी कंबरेवर हात ठेवून उभी. मग मोठ्या पडद्यावर चित्र आलं. पांढरा पट्टा, त्याच्याकडे येणारा चेंडू, आणि पट्ट्याच्या कडेवर पडलेली सावली. चेंडू रेषेला चिकटून पडला होता. आत होता.

"ड्यूस," पंचबाई म्हणाल्या. म्हणजे पॉइंट टाकीचा, मॅच पॉइंट गेला, पुन्हा बरोबरी. मग त्यांनी माइक हाताने झाकायला हवा होता तो झाकला नाही आणि म्हणाल्या, "खेळ चालू असताना प्रेक्षकांनी आवाज करू नये. सर, प्लीज."

सगळं मैदान हसलं. बाबा सोडून. बाबा अजून उभे होते, हात अजून बाजूला होता आणि ते त्या हाताकडे असे बघत होते, जसा आपल्या खिशात दुसऱ्या कोणाचा तरी हात सापडावा.

"चुकलात," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं.

"हो."

"तुम्ही कधीपासून चुकायला लागलात?"

बाबांनी हात खाली घेतला. कोटाची बटणं लावली. "मी जातो," ते म्हणाले. "असा निर्णय दिल्यावर पंचाने मैदानात राहायचं नसतं."

"तुम्ही पंच नाही आहात. फुकट पासावर आलेले गृहस्थ आहात. बसा खाली."

तेवढ्यात ताई आली. टॉवेल आमच्याच कोपऱ्यात होता, म्हणून टॉवेल घ्यायला आली असं म्हणता येईल. दोन पॉइंटांच्या मध्ये वेळ थोडा असतो, पण पंचबाईंनी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं असावं. मी मनातल्या मनात शिट्टीचा आवाज ऐकला. एक हातात आलेला सामना घरच्या माणसाने घालवला होता. मी ताईला ओळखतो. मी तिचा मार खाल्लेला आहे.

"बाबा," ताई म्हणाली.

"आत होता," बाबा म्हणाले. "रेषेवर होता. माझं चुकलं."

"मग बाहेर का म्हणालात?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, चेंडू कसा आला, कुठे पडला.

"मला बाहेर दिसला गं," ते म्हणाले. "स्पष्ट. चांगला करंगळीभर बाहेर."

ताईने टॉवेल तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. बाबांचे खांदे. मी आईकडे पाहिलं, आईने पर्समध्ये गोळी शोधायला घेतली. टॉवेल बाजूला झाला तेव्हा ताईचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती, इतकी, की तिला नीट बोलता येत नव्हतं.

"मॅच पॉइंटला, बाबा?"

"हो."

"माझ्या बाजूने?"

हा प्रश्न बाबांना कोणी कधी विचारलाच नव्हता. त्यांनी फक्त मान खाली घातली, आणि ती मान हो म्हणाली की माफ कर म्हणाली ते मला अजून सांगता येणार नाही.

"थँक यू," ताई म्हणाली. "थँक यू हो बाबा." आणि टॉवेल माझ्या डोक्यावर टाकून धावत गेली.

मॅच पॉइंट घालवून कोणी इतकं खूश झालेलं मी पाहिलेलं नाही. टाकीनेही पाहिलं नसावं. तिला वाटलं असणार की समोरच्या मुलीचं डोकं फिरलं. ताईने हसत हसत सर्व्हिस केली आणि टाकीला त्या चेंडूला रॅकेटसुद्धा लावता आली नाही. परत मॅच पॉइंट. या वेळी टाकीने चेंडू मारला तो इतका बाहेर गेला, की तो बाहेर आहे हे सांगायला ना यंत्र लागलं असतं ना बाबा. आईसुद्धा सांगू शकली असती, आणि आईने उभं राहून सांगितलंही. "आऊट!" तिच्या मानेला काही झालं नाही.

बाबांचा हात बाजूला गेला नाही. तो कामात होता. बाबा टाळी वाजवायचा प्रयत्न करत होते. त्यांना येत नव्हती. आयुष्यभर कधी वाजवलीच नव्हती. दोन्ही पंजे एकमेकांसमोर यायचे आणि कुठे भेटायचं ते न कळून एकमेकांना चुकवून निघून जायचे. शेवटी आईने त्यांची मनगटं धरली आणि एकावर एक आपटून दाखवली. "असं. आता तुम्ही करा." त्यांनी केलं. आवाज आला तेव्हा ते दचकलेच. मग सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी त्यांची थांबेना. नवीनच शिकले होते ना!

जाळीपाशी हात मिळवताना टाकीने ताईला विचारलं, "तो ओरडणारा माणूस कोण होता?"

"माझे बाबा."

"माझा चेंडू आत होता."

"हो ना!" ताई अभिमानाने म्हणाली. "धडधडीत आत होता!"

दुसऱ्या दिवशी बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. बरोबर मीही गेलो, लंगडत. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, दिवे मारून पाहिले आणि म्हणाले, "या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत. काहीही दोष नाही." हे ऐकून बाबांना धीर यायला हवा होता. ते आणखीनच हादरले. घराशी आल्यावर म्हणाले, "म्हणजे दिसत व्यवस्थित होतं?"

"हो, बाबा."

"आणि तरी बाहेर दिसला."

"हो."

"विचित्रच आहे," ते म्हणाले. आत जाऊन ते आरामखुर्चीत बसले आणि पाठ टेकवली.

ताईने शिट्टी क्लबला परत केली. पुढच्या फेरीत ती हरली, आणि अशी हरली की आम्ही डबा उघडेपर्यंत संपलंसुद्धा. पण एक सामना जिंकेन म्हणाली होती, दोन म्हणाली नव्हती, त्यामुळे ती खेळणार आहे. तुम्हाला वाटेल की तिला त्या विजयाचा आनंद झाला. झालाच. पण घरी कोणी आलं की ती त्या विजयाचं सांगत नाही, त्या एका गेलेल्या पॉइंटचं सांगते, आणि सांगताना बाबांच्या पाठीवर हात ठेवते. बाबा दरवेळी म्हणतात, "चूक झाली होती." ती दरवेळी म्हणते, "हो ना!" मला ते दोघं तसे बसलेले बघायला फार आवडतं. या गोष्टीबद्दल मी कोणाचे आभार मानायचे ते नक्की कळत नाही, म्हणून पुढील अर्ज केला आहे.

प्रति, मा. स्पर्धा संचालक, यांस.

विषय: महिला एकेरी, मुख्य फेरी, पहिला सामना, तिसरा सेट, पहिल्या मॅच पॉइंटच्या चेंडूची नोंद बदलून मिळणेबाबत.

महोदय, सदर चेंडू रेषेवर पडला होता, याविषयी अर्जदाराचा, आपल्या यंत्राचा किंवा खुद्द संबंधित गृहस्थांचा काहीही वाद नाही. मागणी मान्य केल्यास विजेत्या खेळाडूत बदल होत नाही, केवळ सामना जरा लवकर संपतो. प्रतिस्पर्धी खेळाडूची हरकत नाही. तिला विचारलं असता ती हसली, मात्र तिचं हसणं अर्जासोबत जोडता आलेलं नाही. तरी आपल्या दप्तरी सदर चेंडू 'बाहेर' असा कायमस्वरूपी नोंदवण्यात यावा आणि निर्णय कोणी दिला या रकान्यात 'खेळाडूचे वडील' असं लिहून त्याची एक सही-शिक्क्याची प्रत आम्हांस भिंतीवर लावण्यासाठी मिळावी, ही नम्र विनंती.